खालच्या घरातला ठोका

मुंबईत विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमचं बालशिक्षणाचं केंद्र हलवून तीन आठवडे झाले होते. सोसायटीचा पहिल्या मजल्यावरचा हॉल, खाली मोझॅकच्या लाद्या, एका वेळी २२ मुलं, वय तीन ते आठ. सोमवारी दुपारी दोनच्या सुमारास तळमजल्यावरच्या आजींकडून तिसऱ्यांदा निरोप आला: "दिवसभर डोक्यावर हातोडी पडतेय."

त्या वेळी वर जवळजवळ शांतता होती. मुलं पाटांवर बसून शाडूची माती मळत होती. एका बाजूला दोघं खलबत्त्यात दाण्याचं कूट करत होती, पण तो आवाज वर कुणालाच खुपत नव्हता. पहिल्या तक्रारीनंतर आम्ही जाड पडदे लावले होते, भिंतींना फोम लावला होता, ढोलकी आणि लेझीम बंद केलं होतं. मुलांचं संगीत गेलं आणि आजींची हातोडी तशीच राहिली.

म्हणून आजींची परवानगी घेऊन एक ताई खाली वही घेऊन बसली. दुसरी वर एकेक काम दोन-दोन मिनिटं करत गेली आणि कुठलं काम चाललंय ते फोनवर सांगत राहिली. सगळ्यांचं मिळून गाणं खाली पुसटसं आलं. ढोलकी मांडीवर घेऊन वाजवली तर जेमतेम कळली. अनवाणी धावण्याची धपधप आली. गुलाबी मनोरा म्हणजे मोठ्यावर लहान असे ठोकळे रचायचं माँटेसरी साहित्य; त्यातला सर्वांत मोठा, १० सेंटिमीटरचा ठोकळा लादीवर पडला तेव्हा मात्र आजी दचकल्या. पाट सरकवल्यावर छतातून करकर आली. आणि खलबत्ता सुरू होताच आजी म्हणाल्या, "हाच! हाच तो."

इथे आमचा अंदाजच चुकला होता. गाण्याचा आवाज हवेतून जातो, स्लॅब त्याला बऱ्यापैकी अडवतो. आदळण्याचा धक्का थेट स्लॅबमध्ये शिरतो आणि खालच्या खोलीचं अख्खं छत थरथरतं. पडदे आणि फोम खोलीतला घुमारा कमी करतात, धक्क्याला त्यांचा काही उपयोग नाही. मऊपणा हवा तो वस्तू लादीला टेकते तिथे. फोनवरच्या मापकात आजींच्या खोलीतली सरासरी ५५ डेसिबलच्या आत होती, म्हणजे निवासी भागासाठी सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ठरवून दिलेल्या मर्यादेत. पण सरासरीत ठोका बुजतो, झोपायला टेकलेल्या माणसाच्या कानात तो बुजत नाही. तो आकडा आम्ही आजींना दाखवला नाही.

संध्याकाळी पाटांना आणि बुटक्या खुर्च्यांना खालून नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाच्या, चकत्या लावल्या. रबरी टोप्या आधी वापरून पाहिल्या होत्या, त्यांचे काळे ओरखडे मोझॅकवर उमटतात. मनोऱ्याचं काम जास्त अवघड होतं. १२ मिलिमीटरची फोमची चटई अंथरली तर धक्का कमी झाला, पण ५५ सेंटिमीटरचा मनोरा मऊ जमिनीवर कलायला लागला. या साहित्यात मुलाला स्वतःची चूक डोळ्यांनी दिसायला हवी. जमीनच डुगडुगली तर हात बरोबर ठेवूनही मनोरा पडतो आणि मूल चुकीचं काहीतरी शिकतं. म्हणून चटईवर प्लायवूडचा चार बाय तीन फुटांचा तक्ता ठेवला, भिंतीपासून दोन बोटं लांब. तक्ता भिंतीला टेकला की धक्का तिथून वाट काढतो आणि चटई असून नसल्यासारखी होते.

राहिला खलबत्ता. मिक्सर आणावा असं एक मत होतं, ते आम्ही मान्य केलं नाही. कुटताना मनगटाला जी ताकद येते ती पुढे पेन्सिल धरताना लागते. मूठ मोजून दाणे घ्यायचे, ते आधी फुटतात, मग रवाळ होतात, मग तेल सुटायला लागतं, आणि तेल सुटायच्या आत थांबायचं. हे मिक्सरच्या झाकणाखाली दिसत नाही. उपाय सुचवला आजींनीच. त्यांचं आयुष्य लालबागच्या चाळीत गेलेलं. "अगं, वरच्या माळ्यावर मसाला कुटायचा तर खाली गोणपाटाची चौघडी घालायची. आणि दुपारी दोन ते चार कुणी कुटायचं नाही."

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा शिक्षणाचं साहित्य परिसरातून उचललं. आम्ही ते इतरांना सांगत आलो, पण इथे आल्यावर परिसराला विचारायच्या आधी फोम विकत आणला, ही आमची चूक.

खलबत्ता हॉलच्या मधून उचलून खांबाजवळच्या कोपऱ्यात नेला, तिथे स्लॅब कमी हलतो. खाली गोणपाटाची चौघडी. दाणे तीन मुठीच, खल एक तृतीयांशाहून जास्त भरला तर ते उडतात आणि मूल जोर वाढवतं. कुटण्याची वेळ सकाळी ११. दोन ते चार माती, ओवणी, अक्षरं गिरवणं आणि श्वासाचे खेळ. ढोलकी परत आली, फक्त मांडीवर.

बुधवारी पुन्हा खाली बसून ऐकलं. ठोका होता, पण दबका. आजींनी हाताने "चालेल" अशी खूण केली. चकत्या मात्र टिकत नाहीत. लादी पुसताना त्या भिजतात, आणि पाय आधी कोरड्या फडक्याने पुसला नसेल तर पावसाळ्यात आठवड्यात सुटतात. दर सोमवारी मुलं पाट आणि खुर्च्या उलट्या करून चकत्या मोजतात. परवा ११ कमी भरल्या.