तुमचा लोड काय? – तुम्ही विचारलंत म्हणून

“तुमच्या रायफलला कोणता लोड चालतो? पावडर किती ग्रेन, बुलेट किती आत बसवता?” मी काडतुसं घरीच भरतो; कोणती बुलेट, किती ग्रेन वजनाची पावडर, बुलेट किती आत, या सगळ्या मापाला आम्ही लोड म्हणतो. ज्यांनी ज्यांनी तो विचारला, त्यांना मी आजवर हसून टाळलं. त्यावरून मी कंजूष आहे, गुपित राखून आहे, हेही कानावर आलं. म्हणून आता एकदाच सांगतो.

(पावडरला खरा मराठी शब्द दारू. पण ‘काल रात्री दोन तास दारू मोजत बसलो होतो’ हे वाक्य एकदा सासऱ्यांसमोर बोलून गेलो, तेव्हापासून मी पावडरच म्हणतो.)

माझा आकडा माझ्या नळीचा आहे. तुमच्या केसची, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाची, भिंत माझ्या केसपेक्षा जाड असेल, तर आतली जागा कमी आणि तेवढ्याच पावडरला दाब जास्त. पावडरचा लॉट बदलला की वेग बदलतो. माझा कमाल आकडा तुमच्या रायफलमध्ये बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) जाम करू शकतो, किंवा त्याहून वाईट. काडतुसं भरण्याचं मॅन्युअल घ्या, कमाल आकड्याच्या दहाएक टक्के खालून सुरुवात करा, थोडं थोडं चढत जा. हे तुम्हालाही ठाऊक आहे. तरी विचारता, कारण चढत जायला वेळ लागतो.

पण हे झालं शहाण्यासारखं उत्तर. खरं कारण वेगळं आहे आणि ते सांगायला लाज वाटते.

माझ्या वहीत एका पानावर लाल शाईत लिहिलंय: ‘०.४ इंच! सापडला!!’ १०० यार्डांवर तीन गोळ्या, तिन्ही भोकं एकमेकांत. तो लोड मिळवला होता बुलेट पुढे पुढे सरकवत. बुलेटचा खांदा नळीतल्या आट्यांना (बुलेटला फिरकी देणाऱ्या पिळदार कंगोऱ्यांना) नुसता टेकेल इतका नाही, बोल्ट लावताना किंचित रुतेल इतका. वर केसच्या गळ्याची पकडही मी हलकी ठेवली होती, बुलेट ‘सहज सुटावी’ म्हणून. टेबलावर रायफल टेकवून नेम लावणारे स्पर्धक असं करतात, हे वाचलं होतं. ते भरलेली प्रत्येक गोळी उडवतात आणि त्यांची बंदूक टेबलावरून हलत नाही, एवढंच वाचायचं राहिलं.

शिकारीच्या परवान्याचा शेवटचा दिवस. मेव्हणा सोबत. पहाटेपासून एका बांधाआड बसलो होतो. साडेआठच्या सुमारास हरीण आलं, मी गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागी) घेतली, बोल्ट लावला. ते झुडपाआड गेलं. वाट पाहिली. गेलंच. जागा बदलायची म्हणून रायफल रिकामी करायला बोल्ट मागे ओढला, तर हातात आली नुसती केस. बुलेट आट्यांत रुतून तिथेच. आणि पावडर? चेंबरमध्ये, मॅगझिनवर, चापाच्या फटीत, माझ्या मांडीवर. मोहरी सांडावी तशी.

तेवढ्यात हरीण परत आलं. साठ यार्डांवर, आडवं उभं. इतकं निवांत की कान हलवताना दिसत होतं.

मेव्हण्याने खिशातून विकतचं काडतूस काढून पुढे केलं. “दाजी, हे घाला की पटकन.” त्याला काय माहीत? नळीत बुलेट अडकलेली असताना मागून दुसरी उडवली तर नळी फुटते. मी मान हलवली. साफसफाईचा गज घरी कपाटात. हरणाने आमच्याकडे एकदा बघितलं आणि चरत चरत निघून गेलं. आम्ही दोघं गप्प बसलो. परतताना गाडीत तो फक्त एवढंच म्हणाला, “विकतच्याचं असं होतं का हो?” मी उत्तर दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही.

घरी येऊन बुलेट पुढून गजाने ठोकून काढली. तिच्यावर आट्यांच्या सहा रेघा आहेत, अगदी समान अंतरावर. टेबलाच्या खणात ठेवलीय.

नंतर जे करायला हवं होतं ते केलं. बुलेट बरीच आत बसवली, आट्यांपासून चांगली लांब, गळ्याची पकड घट्ट केली, पावडर पुन्हा खालून चढवत आणली. दोन्ही लोडच्या दहा-दहा गोळ्या उडवल्या. एका दमात नाही, कारण शिकारीच्या रायफलची नळी बारीक, चौथ्या गोळीला तापते. तीन सकाळी वाटून. जुना ‘सापडलेला’ लोड: १.३ इंच. नवा: १.४. म्हणजे ०.४ कधी नव्हतंच. तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, एखाद्या दिवशी लहान येतोच. त्याच रायफलने त्याच लोडच्या दहा उडवल्या, तर ग्रुप सरासरी दीडपटीहून मोठा होतो. मी योगायोगाला लाल शाई वापरली होती.

१०० यार्डांवर दीड इंच म्हणजे २०० वर तीन. हरणाच्या छातीतली मर्माची जागा आठेक इंचांची. मग मला ०.४ कशाला हवं होतं? वहीसाठी. पण मी काही अगदीच मूर्ख नव्हतो हो! बुलेट मागेपुढे केल्याने काही रायफलींत फरक पडतो, मी पाहिलाय. निदान पाहिलाय असं वाटतं. दहा-दहा उडवून पाहिला होता का, हे विचारू नका.

आणि हो, इतकं होऊनही विकतची घेत नाही. स्वस्त पडतं म्हणून भरतो असं पूर्वी सांगायचो; डाय (केसला आकार देणारा साचा), तराजू, कॅलिपर यांचा हिशेब बायकोने केल्यापासून तेही बंद.

परवा नव्या बुलेटचा डबा आला. आट्यांपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहून ठेवलंय. नुसतं मोजलंय.