७२ कलाकार आणि एकही दुसऱ्यासारखा नाही

लॅटिनो आर्ट, म्हणजे मेक्सिको, क्युबा, पोर्टो रिको अशा लॅटिन अमेरिकेतल्या मुळांच्या अमेरिकन लोकांची कला, म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना एकदम चित्रकार फ्रीडा काहलो आठवते, भडक रंग, कवट्या, झेंडूची फुलं, आणि तिथेच गाडी थांबते. फ्रीडा ग्रेटच, पण ती मेक्सिकोची. अमेरिकेत जन्मलेल्या किंवा तिथे येऊन राहिलेल्या लॅटिनो कलाकारांचं जग केवढं मोठं आहे हे बघायचं असेल तर ‘अवर अमेरिका’ या प्रदर्शनातली कामं शोधून बघा. स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालय-संस्थेच्या अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये, वॉशिंग्टनला, ऑक्टोबर २०१३ मध्ये ते सुरू झालं, मग मायामी, सॅक्रामेंटो असं करत बरंच फिरलं. ७२ कलाकार, ९२ कामं, क्युरेटर, म्हणजे कामं निवडून मांडणाऱ्या, ई. कारमेन रामोस.

त्यातलं माझं सगळ्यात लाडकं म्हणजे पेपोन ओसोरिओचं ‘एल शांडेलिअर’, १९८८ चं. खरंखुरं झुंबर आहे, पण काच दिसतच नाही इतकं मढवलंय, मोत्यांच्या माळा, खेळण्यातल्या गाड्या, डॉमिनोज, बाहुल्या, ताडाची झाडं, संतांच्या छोट्या मूर्ती, जिराफसुद्धा! ओसोरिओ पोर्टो रिकोचा, न्यूयॉर्कमध्ये त्याने सोशल वर्कर म्हणून काम केलेलं, त्यामुळे तिथल्या साध्या वस्तीतल्या घरांमध्ये असली झुंबरं लोक किती हौसेने लावतात हे त्याने जवळून बघितलेलं. कुणी त्याला बटबटीत म्हणेल, मला त्यात घर सजवणाऱ्या माणसाबद्दलचा आदर दिसतो.

आणि याच प्रदर्शनात कारमेन हेरेरा! १९१५ मध्ये हवानात जन्मलेली, चित्रात मोजून दोन-तीन रंग आणि धारदार सरळ कडा, बास. ना झेंडू ना कवटी. पहिलं चित्र विकलं गेलं तेव्हा बाई ८९ वर्षांच्या होत्या, तोपर्यंत दशकानुदशकं रोज काम चालूच. ओसोरिओ आणि हेरेरा एकाच यादीत बघितले की ‘लॅटिनो स्टाइल’ नावाची काही एक गोष्ट असते हे डोक्यातून आपोआप जातं.

एक काम तर थेट आपल्याशी जोडलेलं आहे. इमॅन्युएल मार्टिनेझने १९६७ मध्ये अमेरिकेतल्या शेतमजुरांच्या चळवळीसाठी लाकडी वेदी (चर्चमधल्या प्रार्थनेत असते तशी, ऑल्टर) बनवली, चारही बाजूंनी रंगवलेली. या चळवळीचा नेता सीझर चावेझने गांधीजींचा आदर्श समोर ठेवून २५ दिवसांचा उपास केला, तो मार्च १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात डेलानोला सोडला तेव्हाच्या प्रार्थनेत हीच वेदी होती, सिनेटर रॉबर्ट केनेडीही हजर होते. म्हणजे आधी ती लोकांच्या कामाला आली, म्युझियममध्ये खूप नंतर.

एस्टर हर्नांडेझचं ‘सन मॅड’ (१९८२) बघाच, ‘सन-मेड’ या मनुक्यांच्या प्रसिद्ध डब्यावरची हसरी मुलगी तिने सांगाडा करून टाकली, कारण एस्टर स्वतः ज्या द्राक्षांच्या भागात वाढली तिथल्या पाण्यात कीटकनाशकं उतरली होती. इतकं थेट पोस्टर क्वचित दिसतं.

प्रदर्शन सुरू झालं तेव्हा वॉशिंग्टन पोस्टच्या समीक्षकाने लिहिलं की लॅटिनो आर्ट ही कॅटेगरीच निरर्थक आहे, त्यावर बरीच वादावादी झाली. मला तो मुद्दा अजिबात पटत नाही. १९९४ मध्ये स्मिथसोनियनच्याच एका टास्क फोर्सने रिपोर्ट दिला होता की संस्थेने लॅटिनोंकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केलंय. ज्या नावाखाली इतकी वर्षं लोकांना बाहेर ठेवलं, त्याच नावाने त्यांना आत आणायची वेळ आली की मग ते नाव निरर्थक कसं काय होतं? शिवाय रामोस यांनी सगळ्यांना एका साच्यात बसवलंच नाही, पोर्टो रिकन, मेक्सिकन, क्युबन, डोमिनिकन, प्रत्येकाचा इतिहास वेगळा ठेवला. आणि ही कामं उसनी आणलेली नव्हती, म्युझियमच्या स्वतःच्या संग्रहातली होती, त्यातली बरीचशी प्रदर्शनाआधीच्या काही वर्षांतच घेतलेली. त्यामुळे प्रदर्शन संपलं तरी ती तिथेच आहेत, बरीचशी म्युझियमच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात. सुरुवात झुंबरापासून करा, फोटो झूम करून.