मेगुतीचा शिलालेख आणि आमचे इतिहासाचे सर

गॅदरिंग, खो-खोच्या मॅचेस, मधल्या सुट्टीतली धमाल यावर बाकीच्या बॅचेस भरभरून लिहितीलच, म्हणून मी या सुवर्णमहोत्सवी अंकात फक्त एकाच गोष्टीवर लिहिणार आहे. आपल्या शाळेत सातवं शतक जसं शिकवलं गेलं ना, तसं मला पुढे कॉलेजातही कुणी शिकवलं नाही.

पुस्तकात दोनच ओळी होत्या, की बदामीच्या चालुक्य घराण्यातल्या दुसऱ्या पुलकेशीने कनौजच्या सम्राट हर्षवर्धनाला नर्मदेवर अडवलं. बस्स. सरांनी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आम्ही म्हटलं, पुस्तकाने. मग पुस्तकाला कुणी सांगितलं? वर्ग गप्प. तेव्हा सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘भयविगलितहर्षो येन चाकारि हर्षः’. म्हणजे ज्याच्यामुळे भीतीने हर्षाचाच हर्ष गळून पडला. हे लिहिणारा रविकीर्ती, पुलकेशीच्या आश्रयातला कवी, आणि जागा म्हणजे कर्नाटकात ऐहोळेला मेगुतीच्या टेकडीवर त्यानेच बांधवलेलं जैन मंदिर, तिथल्या भिंतीवरचा शिलालेख शके 556 चा, म्हणजे इ.स. 634-35. सरांनी शेजारच्या वर्गातून संस्कृतच्या बाईंना बोलावलं आणि बाईंनी तीच ओळ लघुगुरू पाडून दाखवली, ल ल ल ल ल ल गा गा, गा ल गा गा ल गा गा, अरे हे तर मालिनी वृत्त! व्याकरणात नुसते गण पाठ करून कंटाळलेलो आम्ही, आणि इथे त्याच वृत्तात एक अख्खी लढाई बसवलेली. रविकीर्ती शेवटी स्वतःला कालिदास आणि भारवीच्या पंगतीत बसवतो, आणि मला तर वाटतं त्याला तो हक्क आहे.

त्याच लेखात आपलं नाव येतं हेही सरांनी तेव्हाच सांगितलं. तीन ‘महाराष्ट्रक’ आणि त्यांची 99 हजार गावं पुलकेशीच्या ताब्यात आली असं रविकीर्ती म्हणतो. आम्ही लगेच टाळ्या वाजवल्या, पण सर म्हणाले थांबा, हा राजाचा पगारी कवी आहे, 99 हजार कुणी मोजली होती? आता दुसरा साक्षीदार बोलवू. मग ह्युएन त्संग. हा चिनी भिक्खू 641 च्या सुमारास या मुलखात येऊन गेला, त्याला पुलकेशीकडून काही मिळवायचं नव्हतं, वर हर्षाने त्याचा मोठा सन्मान केलेला, तरी तो लिहितो की हर्षाला हे लोक जिंकता आले नाहीत. इथली माणसं उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवून मग जातात, लढाईआधी हत्तींना दारू पाजतात, हरून आलेल्या सेनापतीला बायकांचे कपडे देतात. दोन्ही साक्षी जुळल्या तेव्हा कुठे सरांनी नर्मदेच्या विजयाखाली रेघ मारली.

आमच्या वेळी त्या लढाईचं साल 630 च्या आसपास धरायचे. नंतर पुण्याच्या भांडारकर संस्थेतून 619 चा ताम्रपट प्रसिद्ध झाला, त्यात हर्षावरच्या विजयाचा उल्लेख आहे, म्हणजे लढाई त्याआधीची. सरांना हे कळलं असतं तर ते नाचले असते.

पण सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो पुढचा तास. रविकीर्तीचा लेख जिथे थांबतो तिथे पुलकेशी अजिंक्य आहे, आणि त्यानंतर जेमतेम सात-आठ वर्षांत, 642 च्या सुमाराला, कांचीच्या पल्लव नरसिंहवर्म्याने थेट बदामी घेतली. ही गोष्ट रविकीर्तीकडे नाही, ती पल्लवांच्या बाजूने मिळते. त्यांच्या कूरम ताम्रपटातला कवी म्हणतो की पळणाऱ्या पुलकेशीच्या पाठीवर, जणू पाटीच आहे अशी, नरसिंहवर्म्याने ‘विजय’ ही अक्षरं लिहिली. बदामीतच खडकावर पल्लवांचा लेख आहे, आणि नरसिंहवर्मा स्वतःला वातापिकोंड, म्हणजे बदामी घेणारा, म्हणवतो. पुलकेशी याच धामधुमीत पडला असं बहुतेक अभ्यासक मानतात. मला त्या दिवशी घरी जाताना खरंच वाईट वाटत होतं, आपलं कुणी गेल्यासारखं.

सरांनी मग त्या शतकाचा तक्ताच काढला. हर्ष स्वतः नाटककार, ‘रत्नावली’ आणि ‘नागानंद’ त्याच्या नावावर, पदरी बाणभट्ट. नरसिंहवर्म्याचा बाप महेंद्रवर्मा, त्याचं ‘मत्तविलास’ हे प्रहसन. आणि रविकीर्ती मेगुतीवर लेख कोरवून घेत होता साधारण तेव्हाच तिकडे अरबांच्या फौजा सीरियात बायझंटाईन सम्राट हेराक्लियसच्या सैन्याशी लढत होत्या, 636 ला यार्मूकची लढाई. एकाच फळ्यावर बदामी, कनौज, कांची आणि सीरिया!

बदामी परत मिळवायला पुलकेशीच्या मुलाला, पहिल्या विक्रमादित्याला, साधारण 655 उजाडलं. आणि पुढे दुसऱ्या विक्रमादित्याने कांची जिंकली तेव्हा तिथल्या कैलासनाथ मंदिराची संपत्ती बघून ती देवालाच परत दिली, असा त्याचा लेख त्याच मंदिरात आहे. शंभर वर्षांच्या वैरातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

सध्याच्या शिक्षकांना एक विनंती आहे. सहल बदामीला नेता तेव्हा लेणी आणि तलाव बघून परत फिरू नका, ऐहोळे तिथून पस्तीसेक किलोमीटर आहे, वाटेत पट्टदकलही होतं. मुलांना मेगुतीच्या पायऱ्या चढवा, भिंतीवरचा तो लेख दाखवा आणि तिथेच उभं राहून मालिनीत म्हणवून घ्या. सोबत कुणी माजी विद्यार्थी हवा असेल तर मी येईन, बसचा खर्च आमची बॅच बघेल.