शेवटून पहिली

मी चालायला हळू आहे, हे आधीच सांगून टाकते. सपाटीवर कुणालाही ऐकत नाही, पण चढ लागला की दर पन्नास पावलांना मला झाडांची नावं जाणून घ्यावीशी वाटतात.

पहिला ट्रेक पावसाळ्यात केला, एका ग्रुपबरोबर पैसे भरून. दोन बस भरून माणसं होती, पुढे एक लीडर, मागे कोण होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण मागे मीच होते. त्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. पुढचे लोक पोचतात, बसतात, चिक्की खातात, फोटो काढतात. दहा मिनिटांनी आपण धापा टाकत तिथे पोचतो. आपल्याला बघून लीडर म्हणतो, "आले सगळे? चला!" म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच ती मिळत नाही. पुढच्या थांब्यावर आणखी उशीर, आणखी धाप. तिसऱ्या थांब्यानंतर मला पुढचं कुणी दिसेनासंच झालं. एका फाट्यावर मी ढोरवाटेला लागले. धुक्यात चाळीस मिनिटं करवंदीच्या जाळ्यांत फिरत होते. शेवटी एका गुराख्याने वाटेवर आणून सोडलं. बसमध्ये चढले तेव्हा कळलं, मी नव्हते हे कुणाच्या लक्षातच आलेलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभर डोंगराचं नाव काढलं नाही. मग डोंबिवलीतल्या एका हौशी मंडळींच्या गटात मैत्रिणीने ओढून नेलं. हे लोक पंचवीसच्या वर माणसं घेत नाहीत आणि खर्च वाटून घेतात. गटाचे म्होरके शाळेत गणित शिकवतात, म्हणून सगळे त्यांना सर म्हणतात. चार-पाच ट्रेक झाल्यावर एकदा सर म्हणाले, "नोव्हेंबरात खांडसहून भीमाशंकर करतोय. तुम्ही बॅक लीड करा. मागे राहायची तुम्हाला सवय आहे." टोमणा होता की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बॅक लीड म्हणजे शेपटाचं टोक. त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही, एवढा एकच नियम. ऐकायला सोपा आहे.

आदल्या रात्री सरांनी फोनवर अर्धा तास शिकवणी घेतली. फाटा आला की पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबायचं, तो दिसला की निघायचं, मग त्याने त्याच्या मागच्यासाठी थांबायचं. कुणाला झाडाआड जायचं असेल तर सॅक वाटेच्या कडेला ठेवून जायचं. सॅक दिसली की बॅक लीडने तिथे थांबायचं, हाका मारायच्या नाहीत. (हा नियम ज्याने काढला त्याला माझा दंडवत. बायका ट्रेकला पाणी कमी का पितात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल.) शिट्टी एकदा म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे निघा, तीनदा म्हणजे गडबड आहे. आणि दुपारी अडीच वाजता जो जिथे असेल तिथून परत फिरायचं, देऊळ समोर दिसत असलं तरी. नोव्हेंबरात सहाला सूर्य मावळतो आणि जंगलात त्याच्या आधीच अंधारतं.

माझी एकच अट होती. विश्रांतीची दहा मिनिटं शेवटचा माणूस टेकल्यापासून मोजायची. सर क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "गणित बरोबर आहे."

पहाटेच्या लोकलने कर्जत, तिथून ठरवलेल्या तीन इको गाड्यांतून कशेळेमार्गे खांडस. गावात पोहे-चहा झाला. सरांनी पुढे चालायला गावातलाच एक वाटाड्या घेतला होता. निघताना मी पहिली मोजणी केली, बावीस. यादीत तेवीस. पोटात गोळा आला. पुन्हा मोजले, बावीसच. नदी पार केलेल्या दहा मूर्खांची गोष्ट लहानपणी ऐकली होती. ती ऐकून हसलेल्या बाईने स्वतःला मोजलंच नव्हतं.

खांडसहून वर जायला दोन वाटा आहेत. पुलापाशी डावीकडची शिडी घाटाची. ती जवळची, पण कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्यांवरून जाते, आणि पावसाळ्यात तर तिच्या नादाला लागूच नये. उजवीकडची गणेश घाटाची. ती लांबची पण सोशिक, गणपतीच्या देवळापासून वर चढते. श्रावणात आणि महाशिवरात्रीला कोकणातले भाविक याच वाटेने ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला जातात. आम्ही अर्थातच गणेश घाट धरला.

पहिल्या तासातच माझी माणसं कोण हे कळलं. एक होते निवृत्त काका, चौसष्ट वर्षांचे, नवी कोरी काठी, नवी टोपी. दुसरा इंजिनिअरिंगचा मुलगा, वय एकोणीस, पायात वडिलांचे माळ्यावरचे ट्रेकिंगचे बूट. काका दमले होते पण कबूल करत नव्हते. दर वळणावर थांबून म्हणायचे, "काय सुंदर दृश्य आहे!" समोर नुसतं वाळलेलं गवत असायचं. मला ती युक्ती ओळखीची होती, झाडांच्या नावांवर मीच ती चालवते.

दमलेल्या माणसाच्या मागे उभं राहून त्याच्या पाठीकडे बघत राहिलं तर तो घाबरून वेगाने चालतो आणि आणखी दमतो. हे मी सोसलेलं आहे. म्हणून काका थांबले की मी बुटाची नाडी बांधायला बसायचे. त्या दिवशी मी ती अकरा वेळा बांधली. बाराव्या वेळी काका म्हणाले, "ताई, तुम्ही वेलक्रोचे बूट का नाही घेत?"

"अजून पाच मिनिटं" असंही सांगायचं नाही, हे मी स्वतःशीच ठरवलं होतं. ती पाच मिनिटं कधी संपत नाहीत, आणि तिसऱ्यांदा ऐकलं की सांगणाऱ्यावरचा विश्वास उडतो. मी खरं सांगत गेले. पदरापर्यंत अजून एक तास, त्यातला अर्धा उन्हातला.

डोंगराच्या पायथ्याची सपाटी वेगळी आणि कड्याच्या पोटाशी मध्येच लागते ती वेगळी. या दुसरीला आपल्याकडे पदर म्हणतात. शेजारच्या पदरगडाचं नाव त्यातूनच आलं. शिडी घाट आणि गणेश घाट दोन्ही या पदरावर येऊन मिळतात, आणि तिथे झोपडीत चहा-सरबत मिळतं. आम्ही शेवटचे तिघं पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. सरांनी माझ्याकडे बघून घड्याळ दाखवलं आणि तिथून दहा मिनिटं मोजली. पुढची काही पोरं कंटाळून उठू लागली होती, त्यांना त्यांनी खाली बसवलं. लिंबू सरबताचा तो पेला मी बसून प्यायले. पहिल्या ट्रेकला मला फक्त एवढंच हवं होतं.

त्याच वेळी दुसरा एक मोठा घोळका स्पीकरवर गाणी वाजवत वर गेला. भीमाशंकर १९८५ मध्ये अभयारण्य झालं. पुणे, रायगड आणि ठाणे अशा तीन जिल्ह्यांत मिळून ते साधारण १३० चौरस किलोमीटर आहे. एवढ्याशा जंगलात ढोलकी किती लांबवर ऐकू जाते ते त्या दिवशी कळलं. वाटाड्या काही बोलला नाही, फक्त बिडी पेटवायला काढली होती ती परत खिशात ठेवली आणि म्हणाला, "थांबू जरा. ह्यांना जाऊ द्या पुढं."

पदराच्या वर खरं जंगल लागतं. खालचं गवत संपतं, हिरडा, जांभूळ, अंजनी, खाली कारवीचं रान. एकदम गार. सरांनी इथे क्रम बदलला. काकांना वाटाड्याच्या मागे, सगळ्यांत पुढे घेतलं. हळू माणूस पुढे असला की सगळी रांग त्याच्या चालीने चालते आणि तुटत नाही. पाऊण तास हे छान चाललं. मग एका चढावर काकांच्या मांडीत गोळा आला. ते खाली बसले ते उठेचनात. पाय ताणून दिला, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी ते उभे राहिले आणि दहा पावलांत दुसऱ्या मांडीत गोळा.

आणि नेमकं तेव्हाच त्या मुलाच्या उजव्या बुटाचा तळवा आ वासून निघाला. वर्षानुवर्षं न वापरलेल्या बुटाच्या तळव्याचा फोम आतून भुगा होतो. दिसायला बूट नवा असतो, चालायला लागलं की सोल पूर्ण सुटतो. मी सॅकमधून सुतळी काढली. (सुतळी, दोन सेफ्टी पिना, वर्तमानपत्राचा कागद. या तीन गोष्टी माझ्या आईने प्रवासाला नेल्या, मी डोंगरात नेते.) बूट बांधला, पण तो उतारापुरताच टिकणार हे दिसत होतं.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. देवळापर्यंत निदान एक तास. सर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "काय करायचं?"

मला माहीत होतं काय करायचं ते. बोलायला मात्र जड गेलं, कारण मलाही वर जायचं होतं. गुप्त भीमाशंकर, नागफणी, भीमेचा उगम, सगळं रात्री बसून वाचून ठेवलं होतं. मी म्हटलं, "आम्ही तिघं पदरावर परत जातो. तुम्ही तुमच्यातला एक मागे लावा." एकट्या माणसाला परत पाठवायचं नाही आणि दोघांनाही नाही. एकाला काही झालं तर दुसऱ्याने त्याच्याजवळ थांबायचं की मदत आणायची? तिघं असली की हा प्रश्न सुटतो. त्या सुतळीच्या बुटामुळे आमची तिघं झाली.

काका चिडले. "माझ्यामुळे कुणी थांबायचं नाही. मी इथे एकटा बसतो." मी सांगितलं, "काका, मला नियमानेच तुमच्या मागे राहायचं आहे. तुम्ही बसलात तर मीही बसणार." ते तोंड फिरवून बसले. बाकीचे वर गेले, आवाज विरले. मुलगा मोबाइलला रेंज शोधत होता. पाचेक मिनिटं कुणी कुणाशी बोललं नाही.

मग वरून खळखळाट झाल्यासारखा आवाज आला. आधी वाटलं माकड. पण माकड असं एकट्याने भांडत नाही. मुलाने बोट दाखवलं. हिरड्याच्या आडव्या फांदीवर पोट टेकून शेकरू बसलं होतं. लालसर तपकिरी अंग, पिवळट पोट, आणि फांदीखाली सोडलेली अंगाहून लांब झुपकेदार शेपटी. महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि ज्याच्यासाठी हे जंगल राखलंय तो हाच. आम्हाला बघून त्याने पुन्हा एकदा शिव्या घातल्या, मग उठून फांदीच्या टोकापर्यंत पळालं आणि समोरच्या झाडावर झेपावलं. फांद्या फांद्यांना लागलेल्या असतील तिथेच ते राहू शकतं. जमिनीवर ते सहसा उतरत नाही. मग नजर बसल्यावर त्याची घरटीही दिसली, बारीक फांद्यांच्या टोकांना काटक्या-पानांचे मोठे गोळे. एकटं शेकरू एकाच वेळी अशी अनेक घरटी बांधून ठेवतं.

"एवढी घरं कशाला?" मुलाने विचारलं.

"एक गहाण, दोन भाड्याने," काका म्हणाले. तोंड वळवल्यापासूनचं पहिलं वाक्य. मी इतकी हसले की शेकरू तिसऱ्या झाडावर गेलं.

आमचे वीस लोक पावणेचारला पदरावर आले. वर त्यांना शेकरू दिसलं नव्हतं. ते आम्ही फार नम्रपणे ऐकून घेतलं.

उतार कसा गेला हे सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. उतारावर गुडघे सगळ्यांचेच बोलतात. सुतळी दोनदा तुटली, दोनदा बांधली. काका आडवं पाऊल टाकत, काठी आधी टेकवत, बिनतक्रार उतरले. गणपतीच्या देवळाच्या वर अंधार पडला आणि टॉर्च काढाव्या लागल्या. दर दुसऱ्या माणसाकडे एक, म्हणजे दोघांच्या पायांवर उजेड पडतो. खांडसला गाड्यांपाशी मोजणी केली. तेवीस. स्वतःला धरून. तरी एकदा पुन्हा मोजली.

घरी पोचल्यावर प्रत्येकाने ग्रुपवर 'पोचलो' असं टाकायचं, हा नियम मीच घुसवला होता. साडेदहापर्यंत बावीस आले, माझा धरून. काकांचा नाही. अकरा वाजले तरी नाही. शेवटी फोन लावला. पलीकडून काकूंनी उचलला.

"झोपलेत ते. सोफ्यावरच. एक बूट पायातच आहे."

मी माफी मागितली, कोण ते सांगितलं, गोळे आल्याचंही सांगितलं.

"ते कळलं हो," काकू म्हणाल्या, "पण उद्या ह्यांना चालता येईल ना? बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायचंय."

"येईल," मी म्हटलं, "फक्त जिन्याने नेऊ नका."