बेरीचं थरांचं गार डेझर्ट, आणि सगळा खेळ पाण्याचा

थर लावलेल्या डेझर्टचा फोटो बघितला की लोक विचारतात रंग कसे काय आणले, पण रंगाचं काही करावंच लागत नाही, ते काम बेरी करतात. खरी डोकेदुखी असते पाण्याची. स्ट्रॉबेरीत 90 टक्क्यांच्या वर पाणी असतं, ब्लूबेरीत जरा कमी म्हणजे 84 च्या आसपास, आणि साखर लागली की हे पाणी बाहेर यायला टपलेलंच असतं. खाली बिस्किट, ते पाणी प्यायला तयार. मध्ये क्रीम, ते पाणी लागलं की ढिलं पडणार. ओव्हन लावायचा नाही, गॅससुद्धा जेमतेम दहा मिनिटं, तरी हे डेझर्ट फसतं ते इथेच, कुठल्या थरातलं पाणी कुठे जाणार हे आधी ठरवलं नाही की.

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे बिस्किटांना पाणी पिऊ द्यायचं. अख्खी बिस्किटं, क्रीम, बेरी, परत बिस्किटं असे थर लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की बिस्किटं ओल शोषून केकसारखी मऊ होतात, याला आइसबॉक्स केक म्हणतात आणि तो खरंच सोपा आहे. दुसरा रस्ता, तळ कुरकुरीत ठेवायचा आणि पाणी वरच अडवायचं. मला दुसराच आवडतो, चमचा खाली टेकल्यावर काहीतरी कडकड लागलं पाहिजे राव, नाहीतर सगळं मऊमऊ, दात कशाला दिलेत मग.

तर 20 सेंटीमीटरच्या, तळ सुटा होणाऱ्या टिनसाठी साधारण 200 ग्रॅम डायजेस्टिव्ह बिस्किटांचा चुरा आणि 90 ते 100 ग्रॅम वितळवलेलं बटर, चिमूटभर मीठ. चुरा मुठीत दाबून मूठ उघडली तर गोळा तसाच राहिला पाहिजे आणि बोटानं टोचला की फुटला पाहिजे, तेवढं बटर बास. सपाट बुडाच्या वाटीनं टिनमध्ये दाबून घ्या, पण सगळा जोर काढू नका, फ्रीजमध्ये बटर घट्ट होतंच आणि मग सुरी आत जात नाही. अर्धा तास गार झाल्यावर त्यावर वितळवलेल्या व्हाइट चॉकलेटचा पातळ हात फिरवायचा, 50 ग्रॅम पुरतं. हे चवीसाठी नाहीये. चॉकलेटमधल्या फॅटमधून पाणी सहज पलीकडे जात नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही तळ लगदा होत नाही. खाणाऱ्याला कळतसुद्धा नाही की मध्ये काही आहे.

आता क्रीम. पाकिटावर फॅट बघा, 35 टक्क्यांच्या आसपास पाहिजे, 30 च्या खालचं क्रीम कितीही फेटा ते फुगून टिकत नाही, बीटर गरम होईल आणि तुम्हीही. उन्हाळ्यात भांडं आणि बीटरची पाती पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये टाकायची, कारण हवेचे बुडबुडे धरून ठेवतं ते गार, घट्ट फॅट, ते वितळायला लागलं की बुडबुडे बसले. फेटताना नुसतं बघत राहायचं, आधी मोठे बुडबुडे, मग बीटरच्या मागे रेषा उमटून राहायला लागतात, मग पातं वर उचललं की टोक उभं राहतं आणि शेंडा किंचित वाकतो. इथे थांबा. आणखी अर्धं मिनिट गेलं की कडेला दाणेदार, पिवळसर दिसायला लागतं, म्हणजे लोणी व्हायच्या वाटेवर. नुकतंच दाणेदार झालं असेल तर दोन चमचे न फेटलेलं गार क्रीम घालून हातानंच हलकं ढवळलं की बऱ्याचदा सुधारतं.

क्रीम चीजचं बरोबर उलटं, ते 250 ग्रॅम आधी बाहेर काढून मऊ होऊ द्यायचं, गार घेतलं की गुठळ्या राहतात आणि त्या नंतर मोडत नाहीत. त्यात 60 ग्रॅम पिठीसाखर आणि लिंबाची साल किसून, गुळगुळीत करून मग 250 मिली क्रीमचं फेटलेलं मिश्रण खालून वर असं हळू मिसळायचं. क्रीम चीजऐवजी चक्का चालतो, पण तिथेही परत पाणीच! दही फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्ये निथळू द्यायला लागेल, दोन तासात भागत नाही.

क्रीम घट्ट बसावं म्हणून जिलेटिन घालायचं का? घरात खायचं असेल, रात्रभर गार होणार असेल तर नाही घातलं तरी तुकडे पडतात. बाहेर उन्हात टेबलावर मांडायचं असेल तर घाला, पण एक लक्षात ठेवा, जिलेटिन साधारण 35 अंशाला वितळतं, म्हणून तर ते तोंडात विरघळतं, आणि म्हणूनच भर उन्हाळ्यात टेबलावरही विरघळतं. अगर-अगर, म्हणजे समुद्री शेवाळापासूनचा तसाच घट्ट करणारा पदार्थ, मात्र एकदा सेट झालं की 85 अंशांपर्यंत हलत नाही. मग सगळीकडे अगरच का नाही? कारण ते 35-40 अंशाला घट्ट होतं, गार क्रीममध्ये ओतलं की लगेच कण कण. शिवाय ते मऊ न लागता कटकन तुटतं, क्रीममध्ये मला नाही आवडत.

वरचा थर. फ्रोझन बेरी असतील तर त्या शिजवायच्याच, गोठताना बर्फाचे कण आतल्या पेशी फोडतात आणि सुटल्यावर सगळा रस बाहेर येतो, कच्च्या ठेवल्या तर क्रीमवर तळं होणार. 300 ग्रॅम बेरी, तीन चमचे साखर, चमचाभर लिंबाचा रस. लिंबानं चव तर उघडतेच, पण रंगही टिकतो, बेरीतला रंग आंबटात लालसर राहतो आणि आंबटपणा कमी झाला की निळसर-राखाडी दिसायला लागतो. रस सुटला की चमचाभर कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात कालवून घालायचं आणि मिनिटभर चांगलं खदखदू द्यायचं, नुसतं गरम करून उतरवलं तर पिठूळ लागतं आणि नीट घट्टही होत नाही. रास्पबेरीच्या बिया काही जण गाळून टाकतात, मी नाही गाळत, फळ खातोय हे कळू दे की. मग पूर्ण गार. बोटाला कोमट लागलं तरी ओतायचं नाही, खालचं क्रीम वितळतं आणि थरांच्या जागी गुलाबी डाग मिळतात.

ताज्या बेरी वरून, अगदी वाढताना. स्ट्रॉबेरी देठासकट धुवायची, फडक्यानं कोरडी करायची आणि मगच देठ काढायचं, आधी काढलं तर तिथून पाणी आत शिरतं. साखर भुरभुरवू नका, पहिलं वाक्य... बरं, पहिला परिच्छेद परत वाचा.

फ्रीजमध्ये सहा तास तरी, रात्रभर उत्तम. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, प्रत्येक कापाला पुसायची, कंटाळा केला की बेरीचा रस क्रीमवर ओढला जातो. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या वर नको, दुधाचा पदार्थ आहे. उरलं तर तुकडे करून फ्रीझरमध्ये, अर्धवट सुटलेलं असताना आइस्क्रीमसारखं खाता येतं, फक्त वरच्या ताज्या स्ट्रॉबेरी आधी वेचून खाऊन टाका.