फोटो पेपर आहे असं सांगायचं

वरच्या मजल्यावरच्या काकू भाचीचा बायोडाटा पेनड्राइव्हवर घेऊन आल्या. प्रिंटरने नेहमीसारखं खाकरून घेतलं, कागद ओढला आणि दिला. वर केशरी गणपती, त्याखाली लाल अक्षरांत ॥ श्री गणेशाय नमः ॥, उजव्या कोपऱ्यात भाचीचा पैठणीतला, जरा फिकुटलेला फोटो. आणि खाली काहीच नाही. नाव नाही, गोत्र नाही, नोकरी नाही, अपेक्षा तर अजिबात नाहीत. काकूंनी कागद उलटून पाहिला. "मजकूर मागे आला का रे?"

हा प्रिंटर मुलगी पहिलीत असताना घेतलेला. ती आता कॉलेजात जाते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात महिनाभर त्याला कुणी हात लावला नाही की त्याची नोझल्स, म्हणजे शाई सोडणारी ती केसाहून बारीक छिद्रं, सुकतात हे मला ठाऊक होतं. नोझल चेकचं चाचणी-पान काढलं. निळा, गुलाबी, पिवळा ठणठणीत. काळ्याच्या जागी कोरा कागद. मग हेड क्लीनिंग, म्हणजे ती छिद्रं असलेला भाग साफ करणं. एकदा, दोनदा, तीनदा. क्लीनिंग म्हणजे चांगली शाई आतल्या स्पंजावर ओतून टाकणं, हे कळल्यापासून ते बटण दाबताना मला दूध उतू गेल्यासारखं वाटतं. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला विचारून आलो. "काका, हेडच्या पैशात नवीन येईल." हे वाक्य आजकाल मला कशाहीबद्दल ऐकायला मिळतं.

चार दिवसांनी मुलीने कॉलेजच्या अर्जासाठी चकचकीत कागदावर फोटो काढला. फोटोखाली तारीख होती. काळ्या अक्षरांत. स्पष्ट!

काळा मेलाय, मग हा काळा आला कुठून?

तर गंमत अशी की आमच्या प्रिंटरसारख्या यंत्रांत काळा रंग दोन वाटांनी येतो. साध्या कागदावर अक्षरं छापायला पिगमेंटची काळी शाई: तिचे कण कागदात न मुरता वरच बसतात, म्हणून अक्षर रेखीव येतं. पण तीच शाई चकचकीत फोटो पेपरवर धड बसत नाही, बोट लागलं की पसरते. म्हणून 'फोटो पेपर' म्हटलं की यंत्र ती शाई बाजूला ठेवतं आणि निळा, गुलाबी, पिवळा एकत्र करून काळा बनवतं. आमचा बंद पडला होता तो फक्त पहिला काळा. आणि ट्रेमध्ये खरोखर कोणता कागद आहे, हे या बिचाऱ्याला कळतच नाही. आपण सांगू ते तो खरं मानतो.

अप्पा बळवंत चौकातून आणलेला ७५ जीएसएमचा साधा कागद घातला, सेटिंगमध्ये 'ग्लॉसी फोटो' निवडलं आणि ओके दाबलं. एरवी अर्ध्या मिनिटात होणाऱ्या पानाला त्याने चार मिनिटं घेतली, प्रत्येक ओळीवरून सावकाश जात, जणू खरंच कुणाच्या लग्नाचा फोटो छापतोय. पण नाव आलं, गोत्र आलं, अपेक्षा तर अकरा ओळी आल्या. कागद ओला होऊन पापडासारखा वळला होता, तो पंख्याखाली डायनिंग टेबलवर वाळत घातला. काळा थोडा चॉकलेटी दिसतो, पाण्याचा थेंब पडला तर संपलंच, आणि तीन रंगांची शाई एकदम खर्च होते. हिशेबाने हा शुद्ध तोटा आहे. तरी नवीन प्रिंटर घ्यायचा विषय मी काढत नाही.

काकूंनी चष्मा लावून पान निरखलं. रंगाबद्दल काही बोलल्या नाहीत. उंचीवर बोट ठेवलं.

"हे पाच-दोनचं पाच-तीन कर. पट्टी घेऊन कोण येतंय?"

मी फाईल उघडली, दोनचा तीन केला आणि प्रिंटरला सांगितलं, फोटो पेपर आहे.