दमलेली कोण?

"आत्ये, तुका सगळीच बायकामाणसां दमलेली दिसतत."

एवढं बोलून चिंगी आंघोळीला गेली. मी आपली पडवीत रातांबे फोडत राहिले.

वाद मातिस या फ्रेंच चित्रकाराच्या 'कार्मेलिना'वरून निघाला. चित्र १९०३ चं, मूळ बॉस्टनच्या म्युझियममध्ये. स्टुडिओत मॉडेल थेट समोर तोंड करून बसलीय, मांडीवर कापड आहे तेवढंच. मागच्या आरशात तिची पाठ आणि लाल शर्टातला खुद्द मातिस. चिंगी म्हणाली, बघ कशी रोखून बघतेय, तिला कोणाची पर्वा नाही. मी म्हटलं, दमलीय गो ती. त्यावर हे ऐकून घेतलं.

खरंच असं आहे का माझं? बाजारात मासे विकणारी बघितली की पहिलं मनात येतं, हिची कंबर भरून आली असेल. वहिनीच्या फोटोतही मला तेच दिसतं. (वहिनीचा विषय नकोच.) देवळात ओटी भरतानाही देवीला मनात म्हटलं असेल, बाई, जरा टेक. मग मला कोण म्हणणार? या वाड्यात माझ्याकडे बघून 'दमलीस' म्हणणारी आई होती. असो.

दुपारी चिंगीचा फोन मागून घेतला आणि चित्र मोठं करून पाहिलं. बाई चांगली भरभक्कम आहे. एका अंगाला उजेड, दुसरं सावलीत. सगळीकडे तपकिरी, गेरूचे रंग. दोनच वर्षांनी, १९०५ मध्ये, याच मातिसने भडक रंगांनी पॅरिसला हादरवलं हे चिंगीने सांगितलं नसतं तर पटलं नसतं. इथे उठून दिसतो तो आरशातला लाल शर्ट, माझ्या रातांब्याने माखलेल्या बोटांसारखा. आणि एक गंमत. चित्रासमोर आपण उभे, म्हणजे आरशात आपण दिसायला हवं. तिथे तो आहे. ती बघतेय ते त्याच्याकडे.

त्याची तेव्हाची हकिगतही चिंगीकडूनच कळली. पैशाची ओढाताण, पदरी तीन पोरं, सासू-सासरे मालकांच्या घोटाळ्यात नाहक अडकलेले. तरी आरशात बोटभर जागा घेऊन मुकाट काम करतोय. मग दमलेला तोच की! ती बाई आपली बसण्याचे पैसे घेऊन ताठ बसलीय. चिंगीचं बरोबर, अर्धं. आता मला बाप्येही दमलेले दिसायला लागले, म्हणजे नजर सुधारली म्हणायची की बिघडली?

रात्री जेवताना म्हणाली, उद्या तुला बसवून काढते. म्हटलं, काढ. पण पाटावर बसणार नाही, पाठ टेकायची खुर्ची हवी. आणि मधे चहा तू करायचास.